डोंगरकड्याचा विमानप्रवासी

मोठ्या लढाईच्या दिवसांत डोंगरकड्याच्या माळावर विमानतळ झाला. विमानतळ म्हणजे तोच माळ. फक्त धोंडे उचलून कडेला ठेवले होते आणि गुरांना मनाई केली होती. प्रवाशांची आबाळ होऊ नये म्हणून खात्याने मुसाफिरखानाही उभारला. त्याचं पत्र्याचं छप्पर झालं, सागवानी दोन दारं बसली, बाक आलं. भिंतींची मंजुरी तेवढी यायची होती. गावाकडचं दार आत येण्यासाठी, माळाकडचं दार विमानात बसायला जाण्यासाठी. हा सगळा कारभार हरिचंद मुन्शींकडे होता आणि मुन्शी कामाला पक्के होते. अजून विमान आलं नव्हतं आणि मुसाफिरही आला नव्हता, एवढीच काय ती उणीव होती.

त्यातली निम्मी उणीव ग्यानबाने भरून काढली. पंचमीसाठी लेकीला माहेरी आणायला तो जवळा बाजारला निघाला होता. मंजुळा एकुलती एक. पाठीवर भाऊ नाही, म्हणून मुराळी होऊन दरसाल बापच जायचा. पंचमीच्या आत मुराळी दारात दिसला नाही, तर सासरी पोरीला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. ग्यानबाला याची धास्ती आठ दिवस आधीपासूनच लागायची.

माळावर श्रावणाची सर आली आणि तो छपराकडे धावला. माणूस रीतीचा. वहाणा बाहेर काढल्या, दार लोटलं, आत जाऊन बाकावर टेकला. मुन्शी लगबगीने आले आणि त्यांनी मागून कुलूप घातलं. पलीकडच्या दाराला ते आधीपासूनच होतं.

सर ओसरली. ग्यानबा उठला. "मुन्शीजी, येतो मी. दार उघडा."

"विमान आलं की उघडीन."

"मला इमानात न्हाई बसायचं. मी पायी चाललो, लेकीला आणाया."

"पायी जाणारा बाहेरून जातो. आत आला तो मुसाफिर. कायदा बराबर आहे."

"अन् मुसाफिराला जायचंच नसंल तर?"

"तर त्यानं अर्ज करावा. अर्ज बाहेरच्या टेबलावर घेतो मी."

"मंग सोडा बाहेर, करतो अर्ज."

"अर्जाशिवाय कसं सोडू, ग्यानबा?" मुन्शींनी हे इतक्या मायेने विचारलं, की ग्यानबाला आपलंच काही चुकलं असं वाटलं.

रात्र त्याने बाकावरच काढली. वेळ जाता जाईना. त्याने पत्र्याच्या पन्हळी मोजल्या, तंबाखू मळली, पुन्हा पन्हळी मोजल्या. वारा चारी बाजूंनी झोंबत होता, म्हणून दोन्ही दारं नीट लागली आहेत ना, तेही त्याने उठून पाहिलं.

सकाळी त्याची बायको रुख्मिणीबाई धावत आली. मुन्शींनी तिला बाहेरच थोपवलं. निरोप द्यायला आलेल्यांना आत परवानगी नव्हती. तिने दाराखालच्या फटीतून भाकरी सरकवली. भाकरी आली, आमटी काही येईना.

"काहून बसून राहिला तुमी? उद्या पंचमी हाय! लेकरू वाट पाहून राहिलं असंल!"

"कुलूप दिसून न्हाई राहिलं का तुला?"

रुख्मिणीबाईने कुलूप हिसडून पाहिलं. ते मजबूत होतं. मग तिने दाराला डोकं टेकून रडून घेतलं, आणि आतून ग्यानबा दारावर थोपटत तिची समजूत काढत राहिला.

दुपारपर्यंत गावभर झालं, की ग्यानबा विमानाने चालला. एरवी त्याच्या रामरामाला मान न हलवणारे माणिकराव पाटील स्वतः हात जोडून आले. "ग्यानबा, वरून आमचा मळा कसा दिसतो, तेवढं पाहून सांग." लोकांनी नारळ आणले, हार आणले आणि कडीला अडकवले. ग्यानबा थोडा सुखावला, खोटं कशाला बोला. बाकावर तो जरा ऐसपैस बसू लागला. कोणी हाक मारली तर आधी आभाळाकडे बघायचा आणि मग ओ द्यायचा.

संध्याकाळी खरोखरच एक विमान आलं. ढगांच्या वरून घरघरत आलं आणि तसंच गेलं. मुन्शींनी त्याला हिरवं निशाण दाखवलं. "पाहिलंस? खातं चालू आहे," ते समाधानाने म्हणाले.

पण पंचमीची सकाळ उजाडली आणि ग्यानबाचा धीर सुटला. गावातून पोरींची गाणी ऐकू येत होती. सगळ्यांच्या लेकी आल्या, माझीच तेवढी वाट बघत बसली, या विचाराने तो धोतराच्या सोग्यात तोंड घालून हमसून हमसून रडला.

"बा, काहून रडून राहिला?"

त्याने वर पाहिलं. बाकावर शेजारी मंजुळा बसली होती. मुराळी येईना, म्हणून बापाच्या काळजीने ती पहाटेच एका बाजारकऱ्याच्या गाडीत बसून निघाली होती. माळाच्या कडेला उतरली आणि गाठोडं घेऊन सरळ चालत आली.

"पोरी, तू आत आलीस कुठून?" मुन्शी ओरडले.

"हिकडून."

"तिकडून रस्ता नाही!"

मंजुळाने आधी दाराकडे पाहिलं, मग चहूकडे पाहिलं. "बा, भिंत कुठं हाय?"

दारापाशी हार घेऊन उभे असलेले माणिकराव खाली बघू लागले. मंजुळाने बापाचा हात धरला आणि दोघं बाजूने बाहेर पडली. ग्यानबा मात्र वळसा घालून दारापाशी गेला, वहाणा घातल्या आणि सवयीने कुलपालाही हात जोडून आला.

मुन्शींनी त्याच दिवशी वर कळवलं, की मुसाफिर बाजूने निसटतात, सबब तिसरं दार आणि कुलूप मंजूर व्हावं.

वाचकहो, ग्यानबाला हसायला हरकत नाही. फक्त एक आठवा. भिंतींची मंजुरी यायची होती, हे आम्ही अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. तरी मुन्शींनी कुलूप घातलं, तेव्हा त्याच्या शेजारी तुम्हीही बाकावर मुकाट बसलातच ना?