चार आसनांचं विमान आणि बासष्ट नावं

देशाची सीमा मजबूत आहे की नाही, हे तारेच्या कुंपणावरून ठरत नाही, यादीवरून ठरतं. खासगी विमान परदेशी न्यायचं तर नियम अगदी साधे आहेत. विमानात कोण जाणार त्यांची यादी तासभर आधी सरकारी संकेतस्थळावर चढवायची, चढवलेलं नाव काढायचं नाही, आणि यादीत जेवढी माणसं तेवढीच विमानात. ज्या थोर माणसानं हे नियम केले त्याच्या बुद्धीला तोड नाही. फक्त तो कधी जळकोटला आला नसावा.

जळकोटच्या शेषेरावांची धाकटी लेक पुनम वैमानिक झाली. सहा वर्षं शिकली, अकरा महिने परवानग्यांमागं पळाली, तेव्हा कुठं चार आसनांचं भाड्याचं विमान नांदेडहून श्रीलंकेतल्या जाफन्याला एकटीनं न्यायची मंजुरी मिळाली. वेळ मंगळवारी सकाळी अकराची. अकराला एक मिनिट वर झालं की मंजुरी रद्द, आणि पुन्हा अकरा महिने. इंजिन, इंधन, हवामान सगळं तिनं पाहिलं. वडिलांना एवढंच म्हणाली की आबा, यादीचं तेवढं तुम्ही बघा.

शेषेरावांना यादीचं काय सांगावं! थोरल्या उज्वलाच्या लग्नपत्रिकेत चुलतभाऊ रामलिंग यांचं नाव राहिलं होतं. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून रामलिंग या घरचं पाणी पीत नाहीत. (चहा पितात. चहा पाण्यात धरत नाहीत.)

आणि आता लेक देशाची हद्द ओलांडणार अन् कागदावर एकच नाव? लोक म्हणतील, घरात माणसं हायत का न्हाईत. शेषेराव तडक जिलानीभाईंच्या छापखान्यात गेले. जिलानीभाई तीस वर्षं तालुक्याच्या पत्रिका छापतात. ते म्हणाले, "नाव घालायला दोन मिन्टं लागतेत, शेषेरावजी. राहिलेला मानूस मात्र सालभर माझ्या दुकानात येऊन बसतो."

यादी अशी झाली. वर माहूरची रेणुकामाता प्रसन्न. खाली कै. दगडोबा व कै. चतुराबाई यांचे कृपाशीर्वाद. निमंत्रक शेषेराव. व्यवस्थापक रामलिंग (ठळक अक्षरांत). मग चौदा चुलते, नऊ मामा, अकरा जावई, दोन माजी सरपंच, एक आजी सरपंच, भावकीतले वीस, आणि तळाशी 'मावशीच्या विमानाला यायचं हं!' म्हणणारं उज्वलाचं दोन वर्षांचं लेकरू. एकूण बासष्ट. मंगळवारी सकाळी नऊला यादीचा फोटो संकेतस्थळावर चढला. संकेतस्थळानं आभार मानले.

दहा वाजून दहा मिनिटांनी धावपट्टीवर सीमा तपासणीचे अधिकारी आनंदराज यांनी यादी वाचली, मग विमान पाहिलं, मग पुन्हा यादी वाचली. बाकीचे कुठं बसणार, एवढंच त्यांनी विचारलं. बाकीचे दोन टेम्पो भरून आलेच होते, धपाटे बांधून. नियमाप्रमाणे आता दोनच वाटा होत्या. बासष्ट जणांना चढवायचं, नाहीतर न चढणाऱ्या प्रत्येकाचा 'न जाण्याचे कारण' हा नमुना भरायचा. पुनमच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण भावकी कामाला लागली. 'फवारणी चालू आहे' असं तेवीस जणांनी लिहिलं. 'म्हैस व्यायली' असं चौघांनी (म्हैस एकच). दोघांचं कारण 'कैलासवासी' असं वारसांनी भरलं. रामलिंग यांनी लिहिलं, 'नाव आलं, तेवढं पुरे'. दहा बावन्नला गठ्ठा पूर्ण झाला.

आनंदराज शिक्का मारीनात. त्यांचं बोट अजून यादीवरच फिरत होतं.

"माझी माय जळकोटची," ते म्हणाले. "उमाबाई. तुमच्याच भावकीतली. आमचं उदगीरचं एक बी नाव न्हाई यात?"

शेषेरावांना चौदा वर्षं डोळ्यांपुढं दिसली. नाव काढायचं नाही असा नियम आहे, वाढवायचं नाही असा कुठं आहे? त्यांनी पेनानं तळाशी लिहिलं, 'विशेष उपस्थिती: चि. आनंदराज व मातोश्री उमाबाई'. आनंदराजांनी दोघांचेही नमुने भरले (कारणं: ड्यूटी, गुडघे) आणि शिक्का मारला. शिक्का बसला की यादी बंद. दहा सत्तावन्न झाले होते.

मग तो कागद पहिल्यांदाच पुनमच्या हातात आला. तिनं वरपासून खालपर्यंत वाचला.

"आबा, यात माझं नाव कुठं हाय?"

सगळी डोकी कागदावर वाकली. नाव नव्हतं. ते मोठ्या अक्षरांत टाकायचं म्हणून जिलानीभाईंनी बाजूला ठेवलं होतं, ते बाजूलाच राहिलं. शेषेराव मटकन खाली बसले. आपल्या हातानं लेकीचं वाटोळं केलं, असं त्यांना वाटलं.

आनंदराजांनी मात्र क्षणभर डोळे मिटून कलमं आठवली.

"मामा, उठा," ते म्हणाले. "यादीतली समदी मानसं खाली हायत. म्हंजे विमान रिकामं हाय. रिकाम्या विमानाला मी कोन्या कलमात अडवू?"

दहा एकोणसाठला विमान उडालं. शेषेराव ठिपका दिसेनासा होईपर्यंत रडत हात हलवत होते. सरकारी नोंदीप्रमाणं त्या दिवशी एक विमान कुणाशिवाय देशाबाहेर गेलं आणि चौसष्ट जण सकारण मागं राहिले. सीमा सुरक्षित आहे.

एवढ्या भावकीनं यादी तीन-तीनदा वाचली आणि जिचं विमान तिचंच नाव नाही हे एकालाही दिसलं नाही, याला हसायला हरकत नाही. यादी तुम्हीही वाचलीत, वरच आहे. तुम्ही कुणाचं नाव शोधत होता?