सातवा तुकडा

माझ्या घरात वस्तू हरवत नाहीत! हे मी छातीठोकपणे सांगते. घरातला कुठला मोजा कुठल्या खणात आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा. मूल झाल्यापासून मी डोळ्यांत तेल घालून जगते आहे.

म्हणूनच लेक अडीच वर्षांची झाल्यावर मी प्राचीन ग्रीस-रोमच्या पुरातत्त्वाचा अर्धवट सुटलेला अभ्यासक्रम पुन्हा धरला, तेव्हा जराही कचरले नाही. आमच्या मॅडमनी प्रत्येकाला दहा वस्तूंची एक पेटी घरी दिली. प्रत्येक वस्तूचं मापात चित्र काढायचं, ती काय असेल ते लिहायचं आणि सोमवारी पेटी परत! ज्याचं काम सगळ्यात चोख, त्याला उन्हाळ्यात खऱ्या उत्खननावर जायला मिळणार. जागा एकच.

ती माझीच होती, त्यात शंका नको! माझ्याकडे सातवा तुकडा होता ना. तांबूस भाजक्या मातीचा, तळहाताएवढा, आणि कडेला अर्धगोल भोक. भांड्याच्या तळाला मुद्दाम पाडलेलं भोक! अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी थडग्यापाशी उभं राहून याच भोकातून मृतांसाठी मद्य मातीत सोडलं असणार. मी चार पानं लिहिली. शेवटच्या परिच्छेदाला तर माझंच मला रडू आलं. मग बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत बसले आणि तशीच झोपायला गेले.

रविवारी सकाळी टेबलावरच्या पेटीत मोजणी केली. पाच, सहा, आठ... सात कुठाय?

मी धावत जाऊन आधी लेकीचं तोंड उघडून पाहिलं! कारण आदल्या दिवशी माझ्या हातून एक घोडचूक झाली होती. चौथी वस्तू हाड आहे की दगड ते कळेना, म्हणून मी ती जिभेला लावून पाहिली. हसू नका, आमच्यात ही रीतच आहे. जुनं हाड जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही. मान वर केली तर समोर लेक! तेव्हापासून बाईसाहेब टेबलाचा पाय, बाबांचा बूट, दाराची कडी असं सगळं घर जिभेने तपासत सुटल्या होत्या.

"हिने गिळलं!" मी किंचाळले.

नवरा अर्ध्या दाढीनिशी धावत आला. "काय गिळलं?"

"इसवी सनापूर्वीचं पाचवं शतक!"

अर्धी दाढी तशीच ठेवून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "तुकडा केवढा होता?"

मी ताठ मानेने चित्र पुढे केलं. "एकास एक. केसाचाही फरक नाही."

डॉक्टरांनी ते चित्र लेकीच्या चेहऱ्यासमोर धरलं. नाक, तोंड, हनुवटी सगळं झाकलं गेलं. वर नुसते दोन डोळे!

"हा हिने गिळला?"

"थोडा थोडा करून..." मी पुटपुटले.

"बाई, सकाळपासून तुम्ही काही खाल्लंय का?"

तेवढ्यात लेकीने त्यांच्या स्टेथोस्कोपला जीभ लावली आणि निकाल दिला, "दगड!"

घरी आल्यावर मी केराची बादली घेतली. उगाच चिवडायला मी काय अडाणी आहे? वर्तमानपत्र पसरलं आणि थराथराने खोदकाम सुरू केलं. वर आजची चहापत्ती. त्याखाली कालची केळ्याची सालं. आणि त्याखाली, शुक्रवारच्या थरात, चॉकलेटची चार वेष्टनं!

"तू गोड सोडलंयस ना?"

"आधीच्या संस्कृतीची असतील गं," नवरा म्हणाला आणि उरलेली दाढी करायला पळाला.

इतक्यात सासूबाई मातीने भरलेले हात घेऊन बाल्कनीतून आत आल्या. "काय शोधते आहेस?"

"आई, तो तांबडा तुकडा! भोकवाला!"

"कुंडीचा होय? टेबलावर तुझ्या खड्यांत पडला होता. म्हटलं पोरीला लागेल. गुलाबाची कुंडी बदलत होते, तिच्यात तळाला घातला. भोकावर खापर नसलं की माती वाहून जाते."

"कुंडीचा? आई, त्यातून मृतांना मद्य देत होते!"

"पाणी जायला भोक असतं ते. माझ्या हातून चाळीस वर्षांत कमी कुंड्या फुटल्यात का?"

शिकलेल्या माणसाने अशा वेळी क्षमा करायची असते. "आणि माझ्या गुलाबाचं एक मूळ जरी दुखावलंस ना, तर बघ!" अशी तंबी मिळाल्यामुळे मी चहाचा चमचा आणि लेकीचा टूथब्रश घेऊन दीड तास खोदत होते. अखेर सातवा तुकडा पुन्हा उजेडात आला. अडीच हजार वर्षांत दुसऱ्यांदा!

सोमवारी मॅडमनी माझी चार पानं शांतपणे वाचली. मग चष्मा काढला.

"प्रत्येक पेटीत मी एक वस्तू माझ्या घरची घालते. न कळलेल्या वस्तूला थेट ग्रीक कोण म्हणतं, ते बघायला. ही माझ्या गच्चीतली कुंडी. मार्चमध्ये फुटली."

माझे कान तापले.

"पण हिला ही ओली माती कशी लागली?"

पकडले गेले की मी सगळंच सांगून टाकते. मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या. "बाकीच्या नऊ वस्तू बरोबर आहेत. चित्रंही उत्तम." मी मनात बॅग भरायला घेतली. "जागेचं मी बघते. त्याआधी एक सांगा. तुमच्या सासूबाई उन्हाळ्यात मोकळ्या आहेत का?"

घरी येऊन मी हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. कुणी हसलं नाही. सासूबाईंनी हात पुसले आणि गंभीरपणे विचारलं, "खुरपं तिथे देतात, की आपलं न्यायचं?"