उजवीकडचं मीठ

रेवा दोन वर्षांपासून वाढली नव्हती, कारण तिला घरात कोणी वाढत नव्हतं.

डॉक्टर उंब्रजकरबाईंनी हे सांगितलं ते शर्वरीनं आणलेल्या तपासण्यांची फाइल न उघडताच. शर्वरीनं लेकीचं लोह पाहिलं होतं, कॅल्शियम पाहिलं होतं, नाचणीपासून भिजवलेल्या बदामापर्यंत सगळं करून झालं होतं. आपलंच काहीतरी चुकतंय याची तिला खात्री होती. काय, एवढंच ठरायचं होतं.

"ताटात वाढतं कोण हिला?" बाईंनी विचारलं.

"वाढतं म्हणजे... मी बाउल भरून हातात देते. बाकी आम्ही आपापलं घेतो."

"हातात देणं वेगळं, वाढणं वेगळं. जेवणारा बसलेला हवा, वाढणारा उभा हवा आणि शेजारी आणखी माणसं जेवत असायला हवीत. एकट्याला वाढलेलं अंगी लागत नाही. हल्ली माझ्याकडे येणारी निम्मी मुलं अशीच असतात."

"आमच्या लहानपणी असं काही ऐकलं नव्हतं."

"तुम्हाला वाढत होते." बाईंनी रेवाच्या दंडाला हात लावून पाहिलं. "आणि ती पुरे म्हणाली की त्यावर थोडं अजून. मूल मुख्यतः त्यानं वाढतं."

"पण मुलांच्या 'नको'चा मान राखावा म्हणतात ना?"

"राखा की. मान राखून अर्धा चमचा वाढा."

प्रश्न जूनचा होता. पहिलीत घेताना रेवाच्या शाळेत अजून जुनीच पद्धत होती: उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. रेवाची बोटं भांगापाशीच थांबत. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी केव्हाच पुढे गेल्या होत्या. "कान लागला की या," शाळेच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या. "तोवर बसू दे शिशुगटात." शिशुगटातली मुलं रेवाला ताई म्हणत, पण तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. मागच्या आठवड्यात तिनं शर्वरीला विचारलं होतं, "आई, मी आता अशीच राहणार का?" शर्वरीनं "छे गं" म्हटलं होतं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला होता.

घरात जेवण नव्हतं असं नाही. ओट्यावर सगळं असायचं. सासरे, म्हणजे अप्पा, मालिका लागायच्या आधी ताट भरून टीव्हीसमोर जात. नवरा हृषीकेश कॉल संपला की लॅपटॉपच्या कडेला ताटली ठेवी. रेवा मोबाइलमधल्या सशाकडे बघत घास गिळे. शर्वरी कढईतच भात कालवून उभ्यानं खाई, कारण घासायला एक भांडं कमी होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर तिनं तिघांना सांगितलं, की आजपासून सगळे एकदम बसणार आणि ती वाढणार.

"साडेआठला माझा कॉल असतो," हृषीकेश म्हणाला.

"मग तो आठला उरक नाहीतर नऊला घे. लेक वाढायचीये."

"आणि माझी मालिका?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, त्यातली सून वर्षभर जिना उतरतेय. आज खाली पोचणार नाही."

डायनिंग टेबलावर इस्त्रीचे कपडे होते, म्हणून तिनं हॉलमध्ये चटया घातल्या. शर्वरी भाताचं पातेलं घेऊन आली आणि उभी राहिली. आधी काय वाढायचं ते तिला माहीत नव्हतं. तिच्या माहेरी आई नोकरीवरून आली की ताटं भरूनच आणायची.

"आधी मीठ," अप्पा म्हणाले.

"कुठे?"

"डावीकडे. शेजारी लिंबू, मग चटणी, कोशिंबीर. भाजी उजवीकडे."

"तुम्हाला येतं की मग. वाढता का?"

"मला कुठून येणार? मी बसलेला असायचो. डावीकडे मीठ यायचं, एवढं माहीत आहे. कुठून यायचं ते कधी पाहिलं नाही."

शर्वरीनं मीठ वाढलं, वरणभात वाढला. रेवा पुरे म्हणाली. शर्वरीनं तिच्या पुरेचा मान राखून अर्धा चमचा वाढला.

आठवड्यात रेवाची बोटं भांगाच्या पलीकडे उतरली. अडचण एवढीच झाली, की पंगतीला बसलेले सगळेच वाढू लागले. हृषीकेशच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या. अप्पांचं डोकं बाथरूमच्या चौकटीला लागलं, पण ते खूश दिसले.

"नोकरीत असतानाही मी असाच वाढत होतो," ते कपाळ चोळत म्हणाले. "तुझ्या सासूबाई लग्नात माझ्या खांद्याला लागायच्या. नंतर कोपराला."

शर्वरीनं भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे पाहिलं. ती रोज त्यावरची धूळ पुसत असे, पण त्या एवढ्याशा दिसतात ते फोटो काढणारा लांब उभा असेल म्हणून, असं तिला वाटे. "त्यांना कोण वाढायचं?"

"ती मागाहून बसायची. घ्यायची आपलं आपण."

शर्वरी पँटी घेऊन कोपऱ्यावरच्या पाटील टेलरकडे गेली. "घरी वाढायला लागलात वाटतं," दुमड तपासत ते म्हणाले. "कापड आहे आत. दिवाळीपर्यंत पुरेल."

जूनमध्ये रेवाची मधली दोन बोटं डाव्या कानाच्या पाळीला लागली. शाळेच्या बाईंनी हात पुन्हा एकदा न्यायला लावला आणि मान डोलावली. रेवा वाटेत सारखी स्वतःचा कान धरून चालत होती. त्या संध्याकाळी शर्वरीनं शिरा केला आणि सगळ्यांना दोनदा वाढला. मग कढईत उरलेला उभ्यानं खाल्ला.

एव्हाना हृषीकेशशी बोलताना तिची मान दुखू लागली होती. वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढायला स्टूल लागे, आणि मग स्टुलावर चढायला पाट. "मलाही कोणीतरी वाढा की," ती एकदा म्हणाली.

"घे ना," हृषीकेश मनापासून म्हणाला. "तुला कोण नको म्हणतंय?"

"तुझी वाढ झालीये की गं," अप्पा म्हणाले.

ते खरंही असेल, असं तिला वाटलं. तिशी उलटलेल्या बाईनं उंचीचं काय घेऊन बसायचं? पण रेवा आता तिच्या खांद्याला लागत होती, आणि तिच्याकडे बघताना रेवाच्या तोंडावर शर्वरीला ओळखीचं काहीतरी दिसे. दवाखान्यात बाकावर बसून ती स्वतः असंच तोंड करून लेकीकडे बघायची.

एका रविवारी सगळ्यांचं झाल्यावर शर्वरी कढईकडे वळली, तर रेवा मध्ये उभी होती.

"आई, बस."

"अगं, घेते मी."

"घेऊन नाही होत. बस. बाबा, अप्पा, तुम्ही उठू नका. शेजारी माणसं लागतात."

हात वाळले होते, तरी दोघं बसून राहिले. शर्वरी चटईवर बसली. बसल्यावर काय करायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं हात मांडीवर ठेवले. रेवानं मीठ वाढलं. भात वाढला, त्यावर वरण घालताना अर्धं चटईवर सांडलं.

"मीठ..." अप्पांनी तोंड उघडलं. शर्वरीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलं.

मीठ उजवीकडे होतं. शर्वरी तशीच जेवली.

"पुरे," ती म्हणाली.

रेवानं अर्धा चमचा वाढला.

पुढच्या आठवड्यात शर्वरी स्वतःच्या सलवारी घेऊन पाटील टेलरकडे गेली. त्यांनी दुमड उलटून पाहिली, टेप गळ्यात अडकवला.

"सोडतो. दोन्ही पाय सारखेच ना?"

"नाही," शर्वरी म्हणाली. "उजवा जरा जास्त सोडा."