उजवीकडे झुकणारे सदरे

माझ्या नजरेतून काहीही सुटत नाही. दिवसा मी चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो खरा, पण ते केवळ वेषांतर. मुळात मी गुप्तहेर. आजवरच्या प्रत्येक प्रकरणात मी गुन्हेगार शोधून काढलाय. काही प्रकरणांत तर गुन्हा घडलेला नसतानाही.

तेव्हा ताईने मला बोलावलं यात नवल ते काय? "दुसरं कुणी रिकामं नव्हतं," असं ती म्हणाली, पण ते तिचं प्रेम.

माझी ही थोरली बहीण सदरे शिवते. हातमागाचं कापड, झाडापानांचे रंग, करवंटीची बटणं. पृथ्वीला ओझं होईल असं काही वापरायचं नाही, चिंधीसुद्धा फेकायची नाही. दोन खोल्यांचा कारभार. आतल्या खोलीत शिलाई यंत्रं आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल, बाहेरच्या खोलीत ग्राहक सेवा. ग्राहक सेवा म्हणजे आमचे दाजी.

दाजी देवमाणूस. ग्राहक बिचारा तुटक्या बटणाबद्दल विचारतो आणि दाजी पृथ्वीच्या उत्पत्तीपासून सुरुवात करतात. निरूपण असं रंगतं, की पूर्वरंग संपायच्या आत ग्राहकच माफी मागून फोन ठेवतो. बटण राहतंच.

"बटणांचं जाऊ दे," ताई म्हणाली. "हे बघ."

तिने एक सदरा माझ्या अंगावर चढवला. उजव्या खांद्यावर कापडाची वळकटी उभी राहिली आणि खालची कड उजवीकडे चांगली चार बोटं लोंबली. आरशात मी बुडत्या जहाजासारखा दिसत होतो.

"सगळे असेच निघतायत. दर खेपेला जास्तच. एका गायनमंडळाने घेतले होते, सगळे रांगेत उभे राहिले की बघणाऱ्यांच्या माना वाकड्या होतात म्हणे! त्यांच्या बाई आज सदरे परत करायला येतायत, असा निरोप आलाय. रविवारी त्यांचा कार्यक्रम आहे." ती थांबली. "त्यांनीही परत केले ना, तर मी हे बंद करणार. माझ्या हातात शिलाई नाही असं समजेन."

तिचा आवाज उतरला. ताईचा चढलेला आवाज मी जन्मभर ऐकलाय. उतरलेला पहिल्यांदाच.

मी भिंग काढलं.

"टेबल उतरतं आहे!" मी जाहीर केलं आणि पुराव्यासाठी टेबलावर गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. "याचा अर्थ, गोटीही सामील आहे."

"पुढे बोल," ताई म्हणाली.

"तुझा धंदा बुडावा म्हणून कुणीतरी रोज येऊन प्रत्येक सदऱ्याची उजवी बाजू ओढून जातं."

"इस्त्री केलेल्या, घडी घातलेल्या सदऱ्यांची?"

"तोच तर त्याचा धूर्तपणा!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. पण तेवढ्यात मला साक्षात्कार झाला. सदऱ्याबरोबर ही मंडळी कापडी पिशवी भेट देतात. सज्जन ग्राहक ती एकाच खांद्याला अडकवून हिंडतात. "ताई, सदरे सरळ आहेत! वाकडे झालेत ग्राहक!"

"हेच त्यांना फोनवर सांगू?" बाहेरून दाजींनी आशेने विचारलं.

"खबरदार!" ताई कडाडली. "तुम्ही आत या आणि उभे राहा. नव्या ताग्याचा नमुना बेतायचाय."

हातमागाचा प्रत्येक तागा वेगळा, कुठला आटतो, कुठला सैलावतो. म्हणून दर वेळी ताई पहिला सदरा दाजींच्या अंगावर बेतून, टाचण्या लावून पक्का करते आणि त्याच्यावरून बाकीचे कापते. दाजी हात पसरून उभे राहिले. फोन चालूच होता, "तर काकू, ही पृथ्वी आधी तप्त गोळा होती..."

ताईने शेवटची टाचणी लावली, तेवढ्यात गायनमंडळाच्या बाई गठ्ठा घेऊन आत शिरल्या.

"किती फोन केले! लागेल तर शपथ." मग माझ्या भिंगाकडे बघून, "आपण कोण?"

"गुप्तहेर."

"मग असं सगळ्यांना का सांगत सुटलात?"

उत्तर माझ्या ओठांवर होतं, पण बाईंचं लक्ष दाजींकडे गेलं. "अगंबाई! यांना कसा हो अगदी सरळ बसलाय?"

"घरचे आहेत ना!" मी म्हणालो. "वशिला!"

बाईंनी मला हाताने बाजूला केलं. "अहो भाऊ, जरा तो फोन ठेवा बघू."

खांद्याने कानाशी दाबून धरलेला फोन दाजींनी काढला. उजवा खांदा खाली आला. सदऱ्याची कड उजवीकडे लोंबली.

ताई दाजींभोवती एक चक्कर मारून आली.

"तुम्ही दर वेळी असेच उभे राहता?" ताईने विचारलं.

"मग? एकही फोन सोडायचा नाही म्हणतेस, वर हात पसरा म्हणतेस. धरू कशाने?"

"आधी एवढे वाकडे नव्हते हो निघत!"

"आधी एवढे फोन नव्हते."

"मग वाढले कशाने?"

"सदरे वाकडे आहेत म्हणून!"

ताई मटकन स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाईही हसल्या, आणि गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, "रविवारपर्यंत सरळ होतील?"

शिवणीच्या आत ताईने माया भरपूर सोडली होती. उसवून पुन्हा घालता येणार होतं. फक्त अंगावर बेतायला एक माणूस हवा होता, फोन नसलेला. ताईने चारी दिशांना पाहिलं आणि नाइलाजाने माझ्याकडे.

मी उभा राहिलो. एवढं गहन प्रकरण मी उलगडल्यावर छाती जराशी फुगणारच.

सदरे वेळेवर गेले. सोमवारी सकाळी फोन वाजला. दाजींनी तो हातात धरला आणि, पृथ्वी बाजूला ठेवून, नुसतं ऐकलं. ताईची कात्री हवेतच थांबली.

"गायनमंडळाच्या बाई. छातीत सैल झालेत म्हणतायत," दाजी म्हणाले.

ताईने कात्री खाली ठेवली.

"थांब गं. म्हणतायत, गाताना पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मंडळाच्या दुसऱ्या गटालाही शिवून हवेत. बेत मात्र त्याच माणसाचा."

ताईने पदराला डोळे पुसले आणि नवा तागा उलगडला. मी विनयाने मान खाली घालणार, तोच ती ओरडली,

"ए, लाजू नकोस! फुगून उभा राहा!"