विचार कोणत्या भाषेत?

खिल्लारे सर भेटले की जयभीम झाल्यावर तब्येत विचारत नसत. ते विचारत, "आत्ता काय विचार करायलाव? अन् कोणत्या भाषेत?"

आमच्या बोरी गावात या प्रश्नातून कुणी सुटलं नव्हतं. एकदा बाजारात त्यांनी भाजीवाल्या रुक्मिणबाईलाच विचारलं. ती म्हणाली, "इचार कुठं करायलेय सर, मी नुसती बसलेय." सर निवडलेली वांगी तशीच ठेवून तिच्यापुढे उकिडवे बसले. माणूस नुसतं बसूच शकत नाही, मनात शब्द चालूच असतात, हे त्यांनी तिला अर्धा तास समजावलं. शेवटी ती म्हणाली, "आता झाले चालू. पण ते तुमाला सांगण्यासारखे न्हाईत."

सर आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतात. मी तिथलं ग्रंथालय सांभाळते आणि आमची घरंही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मी दोन्हीकडे सापडायची. बोलताना अडले की 'ते हे, काय म्हणतात त्याला' म्हणायची मला सवय. सर तिथंच थांबवायचे आणि शब्द सापडेपर्यंत पुढे जाऊ द्यायचे नाहीत. स्टेपलर आठवेना म्हणून एकदा मी तासाची घंटा होईपर्यंत उभी होते.

"मॅडम, शब्द न्हाई म्हणजे विचार न्हाई," सर शांतपणे म्हणायचे. "विचार म्हणजे तोंड मिटून बोलणं." हे वाक्य त्यांच्या बारावीच्या नोट्समध्ये पहिल्याच पानावर होतं. पोरांकडून ते पट्टीनं अधोरेखित करून घेतलं जाई.

त्यांच्या बायकोला, गयाकाकूंना, हे कधी पटलं नाही. त्या राणीसावरगावच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. एकदा माझ्यासमोरच त्या सरांना म्हणाल्या, "म्हस येळेवर घरी येती. ती काय शब्दात इचार करती?"

"तो विचार नव्हे, सवय हाय."

"मंग तुमचं बी सवयच हाय," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला लागल्या.

सरांनी फक्त 'येळ' नव्हे, 'वेळ', एवढी दुरुस्ती केली.

गेल्या उन्हाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. परभणीला दवाखान्यात पंधरा दिवस ठेवावं लागलं. पाय थोडा सुधारला, उजवा हात मात्र गेला आणि बोलणंही गेलं. शब्द उरला एकच, मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, दुखलं तरी मंगळवार. समज किती शाबूत आहे ते हळूहळू कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

सरांनी लोकांना प्रश्न विचारणं सोडलं. रोज सकाळी ते काकूंसमोर चित्रांचे कागद धरून बसत. "गाय. म्हण, गाय." "मंगळवार." "बरं. तांब्या." "मंगळवार." भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. सरांचा आवाज चढत नसे, उलट रोज थोडा खाली जाई.

एक दिवस ते ग्रंथालयात येऊन माझ्या टेबलापुढे उभे राहिले. "मॅडम, मी जे शिकवत आलो त्यापरमाणं ती आत न्हाईच. शब्द न्हाईत, म्हणजे..."

वाक्य तिथंच सोडून ते निघून गेले.

नंतर एका रविवारी काकूंचे भाऊ आणि भावजय भेटायला आले, तेव्हा मीही तिथं होते. भावजय काकूंकडे बघून माझ्याशीच बोलत होती, "कशी होती, अन् काय झालं हो. काहीच कळंना झालंय आता."

सरांनी चहा करून आणला. मी कप उचलला तोच काकूंनी डाव्या हातानं तो ढकलला. चहा माझ्या साडीवर सांडला. "मंगळवार, मंगळवार," त्या कळवळून म्हणत होत्या.

"बघा," भावजय म्हणाली.

सर फडकं घेऊन धावले. तोवर काकू खुर्चीचा आधार घेत उठल्या आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा साखरेचा डबा छातीशी धरलेला होता. तो त्यांनी सरांच्या पुढ्यात आदळला, माझ्याकडे बोट केलं आणि ते बोट जोरजोरानं नकारात हलवलं.

मला मधुमेह आहे. काकू दर वेळी माझा चहा वेगळा काढायच्या. सर विसरले होते, आणि खरं सांगायचं तर त्या गडबडीत मीही निमूट पिणार होते.

सरांनी डबा उचलून बाजूला ठेवला. मग चित्रं दाखवतानाच्या आवाजात नव्हे, साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "गया, तुला सगळं कळायलंय?"

काकूंनी डाव्या हातानं स्वतःच्या कपाळावर मारून घेतलं.

भाऊ हसला. सर हसले नाहीत. आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा ठेवला आणि तो उकळून निम्मा झाला तरी तिथंच पाठमोरे उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात येऊन त्यांनी तिथं ठेवलेल्या आपल्या नोट्सच्या सगळ्या प्रती मागितल्या आणि पहिल्या पानावरचं ते वाक्य एकेका प्रतीतून पेनानं खोडलं. मी विचारलं, "त्या जागी काय लिहू?"

"मला अजून ठावं न्हाई," सर म्हणाले. "ती बोलायची तवा मी तिचे शब्दच तपासत बसलो, मॅडम. काय म्हणायलीय ते ऐकलंच न्हाई."

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे डोकावले. दोघं ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. काकू एका हातानं शेंग दाबून धरायच्या, सर ती उकलून दाणे काढायचे. कुणी काही बोलत नव्हतं. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तेव्हा सरांनी हात वर करून मला थांबवलं.

"जरा बसा," ते हळूच म्हणाले. "आमचं बोलणं चालू हाय."

मी मूठभर शेंगा घेतल्या आणि पायरीवर बसले.