शेंडेबाईंनी खोली आवरली

एका जंगलात, मुलांनो, फार उंच झाडं होती. त्यातल्या सगळ्यात उंच झाडाच्या शेंड्यावर झुपकेराव शेंडे नावाचे शेकरू राहत. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झाडावरून सहसा खाली न उतरणारी खार. हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. नसेल तर शाळा बदला.

झुपकेरावांच्या पत्नी मोहराबाई. ही गोष्ट त्यांची आहे. झुपकेरावांना ती आपली वाटते, पण झुपकेरावांना सगळंच आपलं वाटतं.

मोहराबाई रोज पहाटे उठून गवती चहा करायच्या. पहिला कप झुपकेरावांना. दुसरा सासऱ्यांना, जे फांदीच्या टोकाला बसून खोकत असायचे. मग पिल्लांना, मग पिल्लांच्या मित्रांना, मग सकाळी सकाळी जो कुणी टपकेल त्याला. सगळ्यांचं झालं की आपला कप घेऊन त्या जरा टेकायच्या. त्या टेकल्या की कुणीतरी हाक मारायचं. परत येईपर्यंत चहा गार. लग्न झाल्यापासून मोहराबाई कधी गरम चहा प्यायल्या नव्हत्या.

शेजारच्या झाडावर धनेशबाई राहायच्या. धनेश पक्ष्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? अंडी घालायची वेळ आली की धनेशबाई ढोलीत शिरतात आणि दार आतून लिंपून घेतात. एक फट तेवढी ठेवतात. त्या फटीतून नवरा त्यांना उंबराची फळं आणून भरवतो. मोहराबाई हे येता-जाता बघायच्या. फळांचं त्यांना काही वाटायचं नाही. दाराचा मात्र हेवा वाटायचा.

तर अशा मोहराबाईंचा मोठा वाढदिवस आला. मोठा म्हणजे कितवा, ते विचारू नका. शून्यावर संपणारा होता, एवढं पुरे.

"माग, काय हवं ते माग," झुपकेराव म्हणाले.

"मला जाग येईल तेव्हा उठायचंय," मोहराबाई म्हणाल्या. "आणि दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा बसून प्यायचाय. गरम."

"अगं, एवढा मोठा वाढदिवस. काहीतरी मोठं माग की."

मोहराबाईंनी विचार केला. त्यांना याहून मोठं काही सुचेना. मग झुपकेरावांनाच सुचलं. त्यांना ते आधीपासूनच सुचलेलं होतं, कारण मागच्या वर्षी धनेश कुटुंब एका बेटावर जाऊन आलं होतं आणि त्याचे फोटो अजून जंगलाच्या ग्रुपवर येत होते. झुपकेरावांनी समुद्रापलीकडच्या शहरातलं सगळ्यात उंच हॉटेल ठरवून टाकलं.

"तिथे चहा मिळतो ना हो?" मोहराबाईंनी विचारलं.

"चहा काय घेऊन बसलीस? सगळं मिळतं. सगळं खोलीच्या भाड्यात धरलेलं आहे."

करकोच्यांच्या विमानात बसून दोघं गेले. हॉटेलची फरशी इतकी चकचकीत होती की मोहराबाई शेपूट वर धरून चालल्या, उगाच डाग नको म्हणून. पलंग एवढा मोठा होता की एकमेकांशी बोलायचं तर हाक मारावी लागे. झुपकेरावांनी आल्या आल्या सगळी पाहणी केली.

"साबण धरलेला आहे. सपाता धरलेल्या आहेत. खाली पोहायचा तलाव आहे, तोही धरलेला आहे."

"आपल्याला पोहता कुठे येतं?"

"पण धरलेला आहे ना."

म्हणून दोघं तलावाच्या कडेचा दांडा घट्ट पकडून गळ्याइतक्या पाण्यात उभे राहिले. नंतर वाफेच्या खोलीत बसले. नंतर व्यायामाच्या यंत्रावर चढले, तेव्हा ते यंत्र झुपकेरावांना घेऊन बराच वेळ थांबलंच नाही. मोहराबाई अंथरुणाला पाठ लागताच झोपल्या.

वाढदिवस उजाडला. खरं म्हणजे उजाडायच्या आधीच झुपकेरावांनी त्यांना हलवलं.

"ऊठ, नाश्ता सुरू झाला."

"मला अजून जाग आली नाहीये हो."

"जाग काय, घरीही येते. नाश्ता इथेच मिळणार आहे."

नाश्त्याचं दालन आमराईएवढं मोठं होतं. मोहराबाईंनी किटलीतून आपल्यासाठी चहा ओतला. कपातून वाफ येत होती. त्या खिडकीपाशी बसल्या. कप उचलला.

"थांब, थांब," झुपकेराव म्हणाले. "फोटो."

एक फोटो वाफेसकट घेतला. एक शेपटीसकट. मग झुपकेरावांना त्या टोकाला अक्रोड दिसले आणि ते संपायच्या आत आणायला त्यांनी मोहराबाईंना पिटाळलं. त्या परत येऊन टेकतात तोच जंगलातून व्हिडिओ कॉल आला. सगळं जंगल एकदम गाऊ लागलं. गाणं संपल्यावर सासरे म्हणाले, "सूनबाई, आयुष्मती भव. माझं पांघरूण कुठल्या फांदीवर ठेवलंस?" मोहराबाईंनी फांदी सांगितली. ती फांदी नव्हे म्हणून सासऱ्यांनी वाद घातला. पिल्लांना जांभळाचं लोणचं सापडत नव्हतं. ते त्यांच्या पुढ्यातच होतं.

फोन ठेवला तेव्हा चहावर साय धरली होती.

आणि मुलांनो, मोहराबाईंना रडू आलं. परदेशात, अक्रोडांच्या ढिगासमोर, भर नाश्त्यात. झुपकेरावांना वाटलं, आनंदाने आलं. त्यांनी त्याचाही फोटो काढला.

खोलीत परत आल्यावर झुपकेराव म्हणाले, "चल, आवर लवकर. शहर बघायचंय. आपण बाहेर गेलो की रॅकूनबाई येऊन खोली साफ करतात. साफसफाई धरलेली आहे."

मोहराबाई दचकल्या. "परकी बाई येणार? आणि खोली अशी? अहो, ती काय म्हणेल आपल्या जंगलाला?"

त्यांच्या जंगलाची ही जुनी रीत होती. फांद्या झाडायला एक वानरीण यायची. ती यायच्या आधी मोहराबाई सगळ्या फांद्या स्वतः झाडून ठेवायच्या. वानरीण येऊन बघायची, मान डोलवायची आणि चहा पिऊन जायची. तिला मात्र तो गरम मिळायचा.

मोहराबाईंनी पदर खोचला. शेकरूला पदर कुठून आला, असं विचारणाऱ्या मुलाने उठून बाहेर जावं. त्यांनी पलंगावरची चादर अशी ताणली की वर बी टाकलं असतं तर ते उडून छताला लागलं असतं. पेले धुतले, पुसले आणि पालथे घातले. न्हाणीघरातला एकेक केस वेचला. आरसा पुसला, नळ पुसले, आणि शेवटी आपल्या शेपटीने फरशी पुसत पुसत दारापर्यंत मागे आल्या, म्हणजे पावलंही उमटायला नकोत.

झुपकेरावही गप्प बसले नव्हते. त्यांनी साबण, शांपूच्या बाटल्या, सपाता, कंगवे, साखरेच्या पुड्या आणि भिंतीवर लटकवलेलं केस वाळवायचं यंत्र पिशवीसकट, असं जे जे धरलेलं होतं, ते ते बॅगेत भरलं. मग दोघांनी मिळून बॅगा कपाटाच्या डोक्यावर, पार मागे भिंतीला टेकवून ठेवल्या. शेकरू सामान कधी खाली ठेवत नाहीत. खाली ठेवलेलं कुणीही उचलून नेतं, हे त्यांच्या रक्तात असतं.

मग ते शहर बघायला गेले. शहरात एक उंच मनोरा होता. झुपकेरावांनी मनोऱ्यावर चढून हॉटेलचा फोटो काढला. आदल्या दिवशी त्यांनी हॉटेलातून मनोऱ्याचा काढला होता. दोन्ही ग्रुपवर पाठवले. मोहराबाईंनी वाटेत दोनदा चहाची दुकानं दाखवली, पण झुपकेराव म्हणाले की बाहेर चहाला वेगळे पैसे पडतात, हॉटेलात धरलेला आहे.

इकडे काय झालं, ते नंतर कळलं. रॅकूनबाईंनी खोलीचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. त्यांनी लांडग्यांच्या खोल्या साफ केल्या होत्या. अस्वलांच्या सहलीनंतरच्याही केल्या होत्या. पण असं काही पाहिलं नव्हतं. केस नाही, डाग नाही, सामान नाही. साबणसुद्धा नाही. कपाट उघडून बघितलं, ते रिकामं. कपाटाच्या वर कोण बघतं? त्या क्षणभर खुर्चीत बसल्या, कारण करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग त्यांनी खाली कळवलं, "या खोलीतले पाहुणे गेले."

संध्याकाळी शेंडे पतिपत्नी परत आले. दाराला कार्ड लावलं. लाल दिवा लागला. झुपकेरावांनी कार्ड शेपटीवर घासून पुन्हा लावलं. पुन्हा लाल. तेवढ्यात दार आतून उघडलं. दारात एक हंसीण उभी होती, अंगात पांढराशुभ्र झगा.

"काय हवंय आपल्याला?"

"आमची खोली," झुपकेराव म्हणाले.

"ही तर आत्ताच आम्हाला दिली. फार स्वच्छ आहे हो खोली. इतकी स्वच्छ खोली आम्ही आजवर पाहिली नाही."

"थँक्यू," मोहराबाई म्हणून गेल्या.

मग झुपकेराव खाली गेले. तावातावाने गेले. हॉटेलचे व्यवस्थापक एक पेंग्विन होते, जन्मतःच कोट घातलेले.

"सर, फार मोठी चूक झाली," पेंग्विन वाकून म्हणाले. "पण खोलीत कुणी राहिल्याची काही खूणच नव्हती."

"नसणारच. आम्ही स्वच्छ असतो."

"साबणसुद्धा नव्हता, सर."

"तो धरलेला होता," झुपकेराव कडाडले. मग मागे वळून म्हणाले, "तू तिकडे बस जरा. यांना मी बघतो."

मोहराबाई मोठ्या काचेपाशी एका कोचावर जाऊन बसल्या. दोघांत मिळून असलेला एकुलता फोन बघितला, तर फोटो काढून काढून तो बंद पडला होता. चार्जर कपाटावरच्या बॅगेत होता, आणि ते कपाट आता हंसांचं होतं. समोरच्या टेबलावरची फुलदाणी जरा वाकडी दिसली. ती सरळ करायला त्यांनी हात पुढे केला. मग त्यांच्या मनात आलं, हे काही आपलं घर नाही. आपली खोलीसुद्धा नाही. आपली इथे कुठलीच खोली नाही. त्यांनी हात मागे घेतला. फुलदाणी वाकडीच राहिली आणि काहीही झालं नाही.

एक वयस्क पाणमांजर जवळ आली. "मॅडम, आपल्याला ताटकळत ठेवलं. चहा आणू?"

"दुसरं कुणी करणार का?" मोहराबाईंनी विचारलं.

पाणमांजरीला प्रश्न नीटसा कळला नाही, पण ती हो म्हणाली.

चहा आला. वाफ येत होती. मोहराबाईंनी कप हातात धरला आणि सवयीने वाट बघितली. कुणी हाक मारली नाही. सासऱ्यांचं पांघरूण समुद्रापलीकडे होतं. पिल्लांच्या पुढ्यातलं लोणचंही तिकडेच होतं. त्यांनी घोट घेतला आणि जीभ भाजली. जीभ भाजते म्हणजे काय, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

त्यांना बरं वाटलं. अगदी शेपटीच्या टोकापर्यंत बरं वाटलं. काचेबाहेर दिवे लागत होते, अनोळखी प्राणी घाईघाईने कुठे कुठे चालले होते, आणि त्यातल्या एकालाही मोहराबाईंकडून काही नको होतं. लांबून झुपकेरावांच्या भांडणाचा आवाज येत होता. दुसऱ्याच झाडावर सुतारपक्षी टोच मारत असावा, तसा तो बरा वाटत होता. पहिला कप संपला. पाणमांजरीने न विचारता दुसरा भरला.

मग झुपकेराव आले, शेपूट आभाळाला लावून.

"जिंकलो. सगळ्यात वरचा मजला दिला त्यांनी, अख्खा. ओळीने खोल्या आहेत, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर. तुझ्या वाढदिवसाची भेट म्हणून सगळं फुकट. चल, ऊठ."

मोहराबाईंच्या डोळ्यांसमोर तो मजला उभा राहिला. ते सगळे पलंग, त्या सगळ्या चादरी, ते सगळे नळ. आणि सकाळी येणाऱ्या रॅकूनबाई.

त्यांनी कपात बघितलं. अर्धा चहा होता, अजून गरम.

"अहो," त्या म्हणाल्या, "तिथून समुद्र दिसतो का?"

झुपकेराव गोंधळले. "ते नाही विचारलं."

"मग त्यासाठी भांडा ना. सावकाश भांडा, मला काही घाई नाही."

झुपकेराव मोठ्या उत्साहाने परत गेले. तिसरा कप आला.

जंगलात परतल्यावर झुपकेरावांनी आपला विजय झाडाझाडावर सांगितला. त्यातून जंगलाने काय घ्यायचं ते घेतलं: खोली घासूनपुसून ठेवली की वरचा मजला मिळतो. तेव्हापासून त्या जंगलातली जोडपी वाढदिवसाला त्या हॉटेलात जातात आणि त्यातल्या बायका पहाटे उठून फरशी घासतात. वरचा मजला अजून कुणाला मिळालेला नाही. रॅकूनबाई मात्र खुर्चीत बसून असतात, आणि पेंग्विन प्रत्येक पाहुण्याला वाकून सांगतात की तुमच्या जंगलासारखं जंगल नाही.

मोहराबाईंनाही सगळ्या विचारतात, हॉटेल कसं होतं म्हणून.

"बसायला छान जागा होती," एवढंच त्या सांगतात, आणि गार चहाचा कप तोंडाला लावतात.

तात्पर्य: बायकोच्या वाढदिवसाला उत्तमातलं उत्तम हॉटेल निवडावं. फक्त तिथे तिला खोली मिळणार नाही, याची आधीच नीट खात्री करून घ्यावी.