नामदेवकाकांची काळी काच

आमचे नामदेवकाका भेटले की 'कसा आहेस?' विचारत नाहीत. 'दिसते काय?' विचारतात.

मी रोज वाशीम स्टेशनवर जऊळक्याच्या गाडीची वाट बघत असतो. काका बाकावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले असतात. जन्म कोथिंबीर-वांग्याच्या मळ्यात गेलेला हा माझा शेजारी. लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, गणेशचा. तो मागं अपघातात गेला. यंदा काकांनी लॅपटॉपच्या पडद्यावर एक काळी, पातळ काच चढवली. समोर बसलेल्याला दिसतं, बाजूच्याला अंधार.

"डावीकून पाह्य बापू. दिसते काय?"

"नाही."

"आता उजवीकून."

"नाही."

"वा! पैसे वसूल!"

शेंगदाणेवाला, टीसी, माहेरी निघालेल्या बाया, सगळ्यांनाच त्यांनी या तपासणीला जुंपलं. आधी त्या लॅपटॉपकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. काहीतरी लपवलंय म्हटल्यावर अख्खा फलाट माना वाकड्या करायला लागला. कुणी म्हणे शेअर बाजार, कुणी म्हणे म्हातारा दुसरं लग्न करतोय. मला तर काहीच उमगेना. लपवायचंच आहे तर माणूस स्टेशनवर कशाला येईल?

"घरीच बसा ना, काका."

"घरी भावकी हाये. इथं कोणाले येळ हाये?"

एकदा गाडीला उशीर झाला. मी चहा घेऊन बाकाच्या मागं उभा राहिलो आणि सहज नजर गेली. सगळं लख्ख दिसत होतं! डावं-उजवं झाकणारी ती काच पाठीमागच्याला काहीच अडवत नव्हती. पडद्यावर कोट घातलेला एक तरुण होता. मग एक मिशीवाला. मग एक गॉगलवाला. मी चक्रावलो. शेअरला काही मिशा नसतात. आणि दुसरं लग्न करायचं, तर बायका बघायला नकोत?

"काका, हे पोट्टे कोण?"

काकांनी लॅपटॉप फाडकन मिटला. "तुले कसं दिसलं?"

"मागून सगळंच दिसते."

"मागून? दुकानदार तं असं बोलला नाही!" त्यांचा चेहरा पडला. मग सरकून त्यांनी जागा केली. "बस. कोणाले सांगू नोको. वैशालीसाठी पाहून राह्यलो."

वैशाली म्हणजे गणेशची बायको.

"भावकीले कळलं तं आधीच मोडता घालतीन."

"तिले विचारलं?"

"हाव. लय दिवस बोललीच नाही. मंग म्हणे, पाहा. पण वाशीमचाच पाहा, नाई तं तुमाले भाकर कोण देईन?"

त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला. मी वाचलं. "हा तर पुण्याचा आहे."

"सारे पुण्याचेच पाह्यतो. इथं राह्यली तं माह्यासाठीच राबत बसन." त्यांनी फोटो मोठा केला. "सांग बरं, हा खरं हसून राह्यला का फोटोपुरता?"

मी नीट बघितलं. "खरं हसतोय."

गाडी येऊन थांबली, मी उठलो, तेव्हा काकांनी हलकेच विचारलं, "पुणं लय दूर हाये ना रे?"